फडताळाचं कुलूप

ईरा, अनय, फोनवर तुम्ही "आजी, जेवलीस का?" विचारता आणि मी नुसतं हो म्हणते. आज सकाळी पाहिलेलं मात्र लिहूनच सांगायला हवं, कारण त्यात माझी चूक आहे.

आमच्या इमारतीत आम्ही बारा म्हातारी माणसं आणि स्वयंपाकघर एकच. फडताळातलं खाणं कमी होऊ लागलं, म्हणून मी कुलूप लावलं. हवं ते मागून घ्यावं, असा नियमही केला.

अकराच्या सुमारास अण्णा आले. त्यांनी कुलूप हळूच ओढून पाहिलं. त्यांचा हात थरथरत होता, कपाळावर घाम होता. त्यांची साखर एकदम उतरते, हे मला ठाऊक होतं.

"काही हवं होतं का, अण्णा?"

"छे. कुलूप नीट बसलंय का, ते बघत होतो."

ते भिंतीला धरून वळले. मी आपणहून फडताळ उघडून त्यांना खायला दिलं असतं, तर खाणं कोण नेतं ते तिथेच मेथी निवडत बसलेल्या शांताबाईंसमोर उघड झालं असतं. उघडलं नसतं, तर ते दारातच कोसळले असते. मागणं एखाद्याला इतकं जड जात असेल, हे नियम करताना माझ्या मनातही आलं नव्हतं.

शांताबाई मेथीवरून मान वर न करता म्हणाल्या, "माई, लाडू खवट झालेत का, ते अण्णांना विचारा. त्यांना बरोबर कळतं."

मी घाईने डबा काढला. अण्णांनी उभ्यानेच एक लाडू संपवला.

"एकावरून सांगता येत नाही," म्हणत त्यांनी दुसरा उचलला.

मागायला लाजणाऱ्याला चाखायला बोलवायची रीत आमच्याकडे अजून आहे.