विहिरीजवळची नासकी माती

रेणापूरच्या आमच्या शेतात विहिरीजवळ एक कोपरा होता, तिथे गवतसुद्धा उगवत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, वर्षानुवर्षे तिथेच फवारणीचं औषध कालवत आणि पंप धूत. ते सगळं मातीत मुरून बसलं होतं. मी नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. असलं विष पचवणारे जिवाणू मला संशोधनासाठी हवे होते, आणि ते सापडलेच तर अशाच जागी सापडणार होते. माझे मार्गदर्शक सर स्वतः माती घ्यायला यायला तयार झाले, तेव्हा मी हवेतच होते.

पोचलो तर कोपरा गायब! तिथे तलावातला काळाभोर गाळ पसरलेला, पाणी शिंपडलेलं, कडेनं चक्क आईची रांगोळी.

"पाव्हणे येणार, त्यायला काय ती नासकी जागा दाखवायची?" अण्णा खुशीत म्हणाले. "हातभर उकरून फेकली."

माझं डोकंच फिरलं. सरांसमोरच ओरडले, "अण्णा, मला तीच माती पाहिजे होती! माझं सगळं काम तिच्यावर होतं!"

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्याच हातानं नासली व्हती ना बाई. लाज वाटली," एवढंच म्हणाले. मला माझ्या तोंडाची लाज वाटली. मग तेच आम्हाला बांधाकडे घेऊन गेले. फेकलेला ढीग तिथे तसाच पडला होता.

त्या ढिगातले जिवाणू मी प्रयोगशाळेत वाढवले. खायला त्या औषधाशिवाय काही दिलं नाही. बाकीचे मेले, एक जात तगली. आमच्याच शेतातली! मी एकटीच हसत बसले होते.

ते जिवाणू शेणखतात कालवून आम्ही जुन्या मातीत मिसळले आणि गाळ काढून ती परत कोपऱ्यात भरली. अण्णा ती न चुकता खालीवर करत, ओल धरून ठेवत. दर तपासणीत औषध कमी निघत गेलं. यंदा तिथे ज्वारी छातीला लागली आहे. दाणा खायचा नाही, आधी तपासायचा, असं मी बजावलंय.

आता कोणीही पाहुणा आला की अण्णा चहाच्या आधी त्याला तिकडे नेतात. "हे मी नासवलं व्हतं," मोठ्यानं सांगतात, "आन् माझ्या लेकीनं बरं केलं."

दुसरं वाक्य ऐकून मी फुगते, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या पहिल्या वाक्याचा मला जास्त अभिमान वाटतो.