सुलतान बाजारातलं इलॅस्टिक

आलेखावरचे सगळे ठिपके एका रेषेवर बसले होते. मी पट्टी लावून पाहिली. एकही ठिपका वर नाही की खाली नाही. कुठल्याही शिक्षकानं खूश व्हावं असा आलेख. मी मात्र लाल पेन खाली ठेवलं, प्रयोगशाळेत गेले आणि तीच स्प्रिंग पुन्हा स्टँडला टांगली.

शंका मला आधीच आली होती. ती स्प्रिंग आदल्या बॅचच्या मुलांनी ताणून ताणून पार ढिली केली होती. मी एकेक वजन अडकवलं, लांबी मोजली, ठिपके मांडले. माझी रेष शेवटी चांगलीच वाकली. प्रज्ञा वाघमारेची रेष मात्र शेवटपर्यंत सरळ. याचा अर्थ एकच होता. पोरीनं पहिली दोन रीडिंग खरी घेतली होती आणि पुढची बसल्या जागी गणितानं बनवली होती.

मी भौतिकशास्त्राची शिक्षिका. हैदराबादला जामबागच्या एका जुन्या शाळेत शिकवत रिटायर झाले. घरी बसून नवऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा बरं, म्हणून शहराबाहेरच्या एका इंटरनॅशनल शाळेत प्रॅक्टिकल शिकवायला जाऊ लागले. राज्याचे दोन भाग झाले, त्या दिवसांतली ही गोष्ट. शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी वाटणीचाच विषय होता.

वाघमारेंच्या घरात तर वाटणी दोन्हीकडून आली होती. मूळचं नांदेडकडचं हे कुटुंब, आजोबांच्या नोकरीपासून हैदराबादी झालेलं. प्रज्ञाची आई नर्स. तिला इंग्लंडच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ती पुढे गेली. वडील सरकारी सर्व्हे ऑफिसात, म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यात. ते ऑफिस दोन राज्यांत वाटलं जाणार होतं आणि वाघमारेंना नव्या राजधानीकडे पाठवतील अशी हवा होती. आई तिकडे, बाप भलतीकडे, मग दहावी झालेली मुलगी कुठे राहणार? तिनं आईकडे जावं असं ठरलं. तिथल्या कॉलेजनं अट घातली की त्यांच्या देशाची शाळेची परीक्षा द्या, गणित आणि फिजिक्समध्ये वरची ग्रेड आणा, मग सप्टेंबरात या. आमच्या शाळेत ती परीक्षा होते. म्हणून स्टेट बोर्डात पहिली आलेली प्रज्ञा एका वर्षासाठी आमच्याकडे दाखल झाली.

पहिले काही महिने तिनं मला हैराण केलं. एका मार्काचा प्रश्न असे, एका ओळीत उत्तर द्यायचं. ही व्याख्या, आकृती, सूत्र, उदाहरण आणि उपयोग असा सगळा संसार मांडायची आणि वर पुरवणी मागायची. आपल्याकडे जास्त लिहिलं की तपासणाऱ्याला दया येते, असा सगळ्यांचा ठाम विश्वास आहे. त्या परीक्षेत प्रश्नाखालीच जागा आखलेली असते आणि कुठल्या शब्दाला कुठला मार्क, हे आधी ठरलेलं असतं. त्याला मार्क स्कीम म्हणतात. मी तिच्याकडून जुन्या पेपरच्या मार्क स्कीम वाचून घेतल्या. मुलगी हुशार. डिसेंबरपर्यंत मोजकं लिहायला शिकली. मी निर्धास्त झाले आणि तिथेच फसले. प्रॅक्टिकलचं भूत अजून बाटलीत होतं.

आपल्या शाळांत प्रॅक्टिकल कसं होतं, ते बहुतेकांना ठाऊक आहे. उत्तर पुस्तकात असतं. मुलं उत्तरापासून उलटं गणित करतात आणि तक्ता भरतात. शिक्षक तक्ता बघतात, उत्तर जुळलं की सही करतात. लबाडी केली असं कुणालाच वाटत नाही. जर्नल नीट ठेवलं असं वाटतं.

इंग्लंडच्या परीक्षेत हे चालत नाही. तिथे उत्तर किती आलं याला फारशी किंमत नसते. दिसलं तसं लिहिलं का, एखादं रीडिंग बाजूला गेलं तर ते तुमच्या लक्षात आलं का, का गेलं असेल, हे सांगता येतं का, याला मार्क असतात. शिवाय एक पेच आहे. परीक्षेच्या दिवशी शाळेतला एक शिक्षक त्याच प्रकारच्या सामानावर तोच प्रयोग स्वतः करतो आणि त्याची रीडिंग उत्तरपत्रिकांबरोबर इंग्लंडला जातात. बनवलेला तक्ता त्याच्या शेजारी ठेवला की लगेच उघडा पडतो.

तो सरळ रेषेचा आलेख जानेवारीच्या सराव परीक्षेतला. त्या प्रॅक्टिकलमध्ये मी प्रज्ञाला अगदीच थोडे मार्क दिले. नियमाप्रमाणे प्रिन्सिपॉल मॅडमना कळवणं भाग होतं. त्या विजयवाड्याच्या, आवाज कधी चढत नाही, पण शब्द मागे घेत नाहीत. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले आणि सांगितलं की मेच्या परीक्षेतून हिचं नाव काढून ऑक्टोबरच्या परीक्षेला घालू.

"ऑक्टोबरला बसली तर सप्टेंबरचं कॉलेज गेलं," मी म्हटलं. "वर्ष गेलं."

"आणि मे महिन्यात असाच तक्ता इंग्लंडला गेला तर? मग एका मुलीचं नाही, शाळेचं नाव जाईल."

त्यांचं चूक नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी घासाघीस केली. मार्चमध्ये दुसरी सराव परीक्षा होती. तेव्हाही तक्ता बनवलेला निघाला तर नाव काढायचं, नाही तर बसू द्यायचं, यावर त्या कशाबशा राजी झाल्या.

मग वडिलांना बोलावलं. वाघमारे ऑफिसातून थेट आले, चेहरा ओढलेला. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं की ऑफिसातली कपाटं वाटून झाली, आता माणसं वाटायची राहिलीत. मी आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. त्यांना तो आवडला हे दिसत होतं.

"शिंदे मॅडम, लेकराचं उत्तर तर बरोबर आहे. बरोबर उत्तराला मार्क कापतात, हे कुठलं शास्त्र?"

मी दहा प्रकारे समजावलं. ते मान हलवत होते, पण गाडी पुढे सरकत नव्हती. शेवटी मला त्यांचं खातं आठवलं. मी विचारलं, शेत मोजायला जाता, जुन्या कागदावर एक क्षेत्र असतं, प्रत्यक्षात कमी भरतं, तेव्हा काय लिहिता?

"भरलं तेच लिहितो. कागदाप्रमाणं लिहिलं तर भाऊबंदांची डोकी फुटतील ना."

मग आलेख पुन्हा हातात घेतला. या वेळी त्यांना तो आवडला नाही.

बाप समजला. लेक समजायची होती. तिला मी तीनदा ताकीद दिली होती आणि तीनदा ती "यस मॅडम" म्हणाली होती. आज्ञाधारक मुलांची हीच पंचाईत असते, तुमच्या होला हो मिळवतात आणि सवयीनं वागतात. माझ्या लक्षात आलं की जोवर पुस्तकात उत्तर आहे, तोवर हिची नजर त्याच्यावरून हलणार नाही. तेव्हा पुस्तकात उत्तरच नसेल अशी काही वस्तू हवी.

शनिवारी मी सुलतान बाजारात गेले. शिवणाच्या सामानाच्या दुकानात परकराला घालतात ते इलॅस्टिक मागितलं, जाड, पातळ, जे असेल ते थोडं थोडं. दुकानदारानं विचारलं, अम्मा, कपडा कोणता आहे? मी म्हटलं, कपडा नाही, वजन लटकवायचं आहे. त्यानं मला वर-खाली पाहिलं आणि मुकाट्यानं कात्री उचलली.

सोमवारी सुट्टीनंतर प्रज्ञाला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. स्प्रिंगच्या जागी इलॅस्टिक टांगलं. आधी एकेक वजन वाढवत लांबी मोजायची, मग एकेक वजन काढत पुन्हा मोजायची. तिनं तक्ता आखला आणि पेन उघडून माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, आन्सर किती यायला पाहिजे, ते बोला ना आधी."

"मलाही माहीत नाही."

"मग बुकात बघू?"

"बुक लिहिणारा सुलतान बाजारात इलॅस्टिक घ्यायला आला नव्हता."

तिला हसू आलं नाही. तिनं पेनचं टोपण लावून टाकलं. मला वाटलं, रुसली. मग खाली बघतच बोलली, की चुकीचं काही लिहिलं तर तिकडचे लोक समजतील, हिला काही येत नाही. "मग मम्मीकडं कशी जाऊ मी? मम्मीला गेलेलं वर्ष होत आलं, मॅडम."

तेव्हा मला त्या सरळ रेषेचा अर्थ कळला. आळस नव्हता तो. आईपर्यंत जायचा रस्ता तिनं आपल्या परीनं नीट आखला होता. मला गलबलून आलं. पण शिक्षिकेनं अशा वेळी कुरवाळत बसलं की काम बुडतं, म्हणून मी फक्त पहिलं वजन तिच्या हातात दिलं.

वजनं वाढवतानाची रीडिंग सुरळीत झाली. काढायला लागल्यावर ती अडखळली. तेच वजन, पण इलॅस्टिक आता आधीपेक्षा थोडं लांब. तिनं आकडा खोडला. पुन्हा मोजलं, पुन्हा तसंच. तिनं सगळं उतरवून दुसरा तुकडा टांगला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या तुकड्यापर्यंत मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझ्यासारखीला हे किती जड जातं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मी चुकत नाहीये. हे इलॅस्टिकच असं आहे."

"मग तसंच लिही."

तिनं लिहिलं. रबर ताणलं की सोडताना तितक्या मुकाट्यानं मूळ जागी येत नाही, हे शास्त्राला ठाऊक असलेलंच सत्य आहे. पण तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते स्वतः धरून आणलं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला उत्तर बरोबर आहे का, असं विचारलं नाही.

आता सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. बाईसाहेब एकदम दुसऱ्या टोकाला गेल्या. धांदरटपणे मोजायचं, काहीही लिहायचं आणि खाली टीप द्यायची की प्रयोगात त्रुटी असतात. मग तेही झाडून काढावं लागलं. डोळा पट्टीच्या समोर धर, तिरकं बघू नकोस, एक रीडिंग दोनदा घे. प्रामाणिकपणा आणि गबाळेपणा यांतला फरक शिकवण्यात फेब्रुवारी संपला.

मार्चच्या सराव परीक्षेत तिचा आलेख जरा वेडावाकडा होता. मला तो फार सुंदर वाटला. प्रिन्सिपॉल मॅडमनी तो माझ्या तक्त्याशी ताडून पाहिला आणि नाव राहू दे म्हणाल्या.

खऱ्या परीक्षेच्या दिवशी मला वर्गात जायची परवानगी नव्हती. ज्या विषयाचा पेपर त्या विषयाच्या शिक्षकानं पर्यवेक्षण करायचं नाही, असा नियम आहे. मी स्टाफरूममध्ये बसून चहाचे दोन कप थंड केले. प्रज्ञा बाहेर आली ती रडतच. एक रीडिंग फार बाजूला गेलं होतं. परत घ्यायला वेळ उरला नव्हता. रेषेवर आणून बसवणं तिला सहज जमलं असतं, आकडा तिच्या डोक्यात तयारही होता. तिनं ते तसंच ठेवलं, भोवती गोल केला आणि खाली कारण लिहिलं. स्कूटर घेऊन गेटवर थांबलेल्या वाघमारेंना तिनं रडत रडत हे सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बाप खचणार. त्यांनी तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि म्हणाले, "भरलं तेवढंच लिहिलंस ना? मग चल घरी, भूक लागली."

निकाल ऑगस्टमध्ये लागला. गणितात सगळ्यात वरची ग्रेड आली, ती येणारच होती. फिजिक्समध्ये कॉलेजला हवी होती ती ग्रेड मिळाली, पण जेमतेम. कुठल्या पेपरात किती मार्क, ते शाळेला कळतं. मी पाहिलं. दोन मार्क कमी पडले असते तर ग्रेड खाली गेली असती. आणि बाजूला गेलेलं रीडिंग ओळखून कारण देण्याचे त्या पेपरात बरोबर दोनच मार्क होते.

मी हे तिला सांगितलं. ती आधी हसली, मग तोंडावर हात घेऊन रडली. मग विचारलं, की मी ते खोडलं असतं तर?

"तर तू इथेच राहिली असतीस," मी म्हटलं, "आणि मला आणखी वर्षभर तुला झेलावं लागलं असतं."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती आईकडे पोहोचली. वाघमारेंची वाटणी शेवटी हैदराबादलाच झाली. ते अजून जामबागेत राहतात, आणि रविवारी फोनवर माय-लेकींचं भांडण ऐकतात म्हणे.

त्यानंतर स्टेट बोर्डातून आमच्याकडे येणारी बरीच मुलं मी पाहिली. त्यांचे आईबाप मला नेमानं विचारतात, मॅडम, पुस्तक कुठलं घेऊ, क्लास कुठला लावू? पुस्तकं मी सांगते. पण माझा अनुभव असा, की परक्या देशाची परीक्षा मुलं सहा महिन्यांत शिकतात. चुकलेलं रीडिंग घेऊन घरी आलं तरी आपल्याला जेवायला वाढतील, याची खात्री पटायला त्यांना वर्ष लागतं. ते मात्र मला शिकवता येत नाही. ते घरच्यांनाच करावं लागतं.