ट्रक आहे, परकर नाही

आमच्या ट्रकची हकिगत सांगितली की कुणाचा विश्वास बसत नाही. आता नाही बसला तर नाही बसला. पण तेव्हाही कुणाचा बसला नव्हता, आणि तेव्हा बसायला हवा होता. भंगाराचं आणि किश्शांचं एकच असतं. एक तुकडा घरात ठेवून घेतला की बाकीचे आपोआप येऊन पडतात. कलकत्त्याजवळ बराकपूरला आमच्या घरी दर रविवारी दोन-चार मराठी माणसं जमायची. त्यांच्याकडून यातले काही किस्से तुम्ही ऐकले असतील. ते हसवून सांगतात. मला तसं जमत नाही.

*

आमचे हे फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. शेवटची बदली बराकपूरला झाली, रिटायर झाले आणि आम्ही इथेच राहिलो. मी शिवणकाम करते. जवानांच्या पँटी आखूड करण्यात माझी निम्मी नजर गेली.

ह्यांनी लिलावात फौजेचा एक जुना ट्रक घेतला. गल्लीतून येईना, म्हणून मागची भिंत पाडून, पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमधून अंगणात घातला. मी म्हटलं, "अहो, उद्या त्या प्लॉटवर कुणी घर बांधलं तर?"

"तू शिवण बघ," म्हणाले.

दोन महिन्यांनी तिथे बिल्डरने पाया खणला. आता बाहेर पडायला फक्त समोरची गल्ली, आणि गल्लीला पुकुराजवळ, म्हणजे आमच्या इथल्या तळ्याजवळ, काटकोनात वळण. माझीच टेप घेऊन हे मापून आले. ट्रक चार फूट जास्त लांब होता.

चहा पिता पिता ह्यांनी निकाल दिला, "गल्ली काही लांबरुंद होत नाही. ट्रक आखूड करू."

*

तर रविवारची मंडळी कामाला लागली. बालीगंजहून बेडेकर भाऊजी यायचे, बँकेत मोठे साहेब. निखिल यायचा, तो कॉम्प्युटरवाला. लॅपटॉपवर ट्रकचं चित्र काढून त्यातले चार फूट बोटाने पुसून दाखवायचा. आणि निमाई. निमाई मंडळींतला नव्हे, तो स्टेशनजवळचा वेल्डर. पन्नाशीचा, शांत माणूस. मंडळी खुर्चीत बसायची, निमाई जमिनीवर.

ट्रक कापायच्या दिवशी नारळ फोडला. बेडेकर भाऊजींना चेव आला. "वहिनी, शुभकार्य आहे. उखाणा घ्या."

मी ह्यांचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, ते एकदा. आमच्याकडे बायका घेत नाहीत, आणि माझी आई म्हणायची, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. खरं-खोटं देव जाणे. गॅसच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत कुणी विचारलं की मी कागद मागून लिहून देते. चौथी शिकले, ती तेवढ्यालाच उपयोगी पडली.

मी म्हटलं, "भाऊजी, ट्रकसमोर उखाणा घ्यायला मी काय ट्रकशी लग्न केलंय?"

हे म्हणाले, "मी केलंय."

सगळे हसले. मीही हसले, कशाला खोटं बोलू.

*

ट्रकच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन जाड लोखंडी दांडे जातात. त्याला चासी म्हणतात. सगळा भार त्यांच्यावर. तेच मधून कापून, चार फूट काढून टाकून, पुन्हा जोडायचे होते. ह्यांनी गुण्या लावून खडूने सरळ उभी रेघ मारली.

मी पायरीवर काज करत बसले होते. म्हटलं, "सरळ कापू नका. तिरकं कापा. आम्ही उरेब कापतो तसं. सरळ जोडावर सगळा ताण एकाच रेघेत येतो. टाका उसवत नाही, टाक्याशेजारचं कापड फाटतं."

निमाईने मान वर केली. "बौदी ठीक बोलछेन, दादा. तेरछा काटुन. आणि आतून लांब पट्टी मारू." बौदी म्हणजे वहिनी. त्याचं बोलणं असंच, अर्धं बंगाली, अर्धं आमच्या घरी शिकलेलं मराठी.

ह्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "ट्रक आहे, परकर नाही."

मंडळी खूप हसली. बेडेकर भाऊजी अजून तो किस्सा सांगतात, म्हणे.

निमाईला हे म्हणाले, "तुझं काम जोडायचं. कुठे कापायचं ते मी सांगणार. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या गाड्या बघितल्यात."

बघितल्या होत्याच. पण फौजेत मोडकं काढून नवं बसवतात. चासी जोडायची वेळ ह्यांच्यावर एकदाही आली नव्हती. हे मला ठाऊक होतं, कारण रोज काय काम केलं ते जेवताना मलाच सांगायचे.

निमाईने सरळ कापलं.

*

तीन रविवार आमच्या अंगणात ट्रकचे दोन तुकडे विटांवर उभे होते. मधून मी कपडे वाळत घालायची. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि माझ्याकडे पाहून जीभ चावायच्या, घरात कुणी आजारी असल्यासारख्या.

चौथ्या रविवारी जोडलं. निमाईने निगुतीने जोडलं, तो जोड बघत राहावा असा होता. हे खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर येईनात. निखिल वाकून बघायला गेला. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जो शाफ्ट जातो तो आखूड करायला हवा हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चार फूट बाहेर लोंबत होता.

"निखिल," मी म्हटलं, "तुझ्या चित्रात तो पुसायचा राहिला का रे?"

हे खालूनच म्हणाले, "चहा टाक."

*

शाफ्ट झाला, ब्रेकच्या नळ्या झाल्या, हिरवा रंग झाला. अंगणात पुढे-मागे करून बघितला. दुसऱ्या दिवशी दोरीवरचे कपडे काढताना मला जोडाच्या शेजारी, अर्ध्या बोटावर, केसासारखी एक रेघ दिसली. मी शिवणाचा खडू आणला आणि रेघ जिथे संपत होती तिथे आडवी खूण केली.

रविवारी पुन्हा गाडी हलवली. संध्याकाळी बघितलं तर रेघ खडूच्या पुढे गेली होती.

बेडेकर भाऊजींना दाखवली. चष्मा वर करून म्हणाले, "रंग तडकलाय, वहिनी. इथली हवा दमट."

निखिलला दाखवली. त्याने फोटो काढला. फोटोत नीट येत नाही म्हणाला.

ह्यांना दाखवली. ह्यांनी ब्रश घेतला आणि रेघेवरून, माझ्या खडूवरून, हिरवा रंग फिरवला.

पुढच्या रविवारी सकाळी, ट्रक गल्लीतून बाहेर काढायच्या दिवशी, निमाईला दाखवली. त्याने रंगावरून नख फिरवलं, नख अडकलं. तो उठला. ह्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "दादा, आज बाहेर काढू नका. मी पुन्हा कापतो. मजुरी नको."

हे सगळ्यांसमोर म्हणाले, "स्वतःच्या जोडावर भरवसा नाही तुझा? मग असा कर. मागे तूच उभा राहा."

कारागिराला असं बोललं की तो चढतोच. मला माहीत होतं, ह्यांनाही माहीत होतं. मी निमाईच्या सदऱ्याला धरलं. त्याने माझा हात हळूच सोडवला.

*

वजन टाकून बघायचं म्हणून मागे वाळूच्या गोण्या भरल्या. सकाळचे दहा वाजले असतील. हे स्टिअरिंगवर, निमाई मागे गोण्यांपुढे, केबिनला धरून उभा. पुकुराच्या वळणावर सगळी गल्ली जमली होती. ट्रक असा वळला की भिंतीचा पोपडासुद्धा निघाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेडेकर भाऊजींनी मला हात करून दाखवलं, बघा.

वळणापुढे गटाराचा खड्डा आहे. पुढची चाकं त्यात उतरली आणि ट्रक मधोमध बसला. गुडघे टेकून बसतात तसा. केबिन मागे आली, मागच्या हौद्याच्या फळ्या पुढे गेल्या. मध्ये निमाई होता.

त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ह्यांना खरचटलं.

*

दुपारी थाण्यात, म्हणजे पोलीस चौकीत, बोलावलं. हे, बेडेकर भाऊजी, निखिल, तिघे खुर्च्यांवर, मी दारापाशी उभी. निमाईची बायको मिनती भिंतीला टेकून जमिनीवर. ती हॉस्पिटलमधून तशीच आली होती, पदराला रक्त होतं.

बडाबाबूंनी, म्हणजे तिथल्या मुख्य अधिकाऱ्यांनी, विचारलं, कसं झालं? बेडेकर भाऊजी इंग्रजीत बोलले, छान बोलले. निखिलने मान हलवली. हे म्हणाले, "वेल्डिंग कच्चं होतं, साहेब. वेल्डरच म्हणत होता, पुन्हा करतो म्हणून." बडाबाबू लिहू लागले. मिनतीला पुरतं कळलं नाही, पण कागदावर नवऱ्याचं नाव उतरतंय एवढं कळलं. ती उठून उभी राहिली.

मी मोडक्या हिंदीत म्हटलं, "थांबा. जाऊन बघा. जोड शाबूत आहे. फाटलंय ते जोडाच्या शेजारी, सरळ कापलं म्हणून. रंग खरवडा, खाली माझा खडू सापडेल."

बडाबाबूंनी पेन थांबवलं. हिंदीत विचारलं, "वहाँ सीधा काटने को किसने बोला?"

बेडेकर भाऊजी मराठीत म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरी चला. शेवटी तुमच्या घरचं माणूस आहे."

मी बडाबाबूंकडे कागद मागितला.

ते म्हणाले, "लिखूँगा मैं. आप बोलिए."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नात उखाणा घ्यायच्या वेळी बघितलं होतं, त्यानंतर असं कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "वसंत गणपत शेलार."