अठरा नंबरचं चित्र आणि रस्त्यापलीकडचा चहा

अठरा नंबरच्या चित्राला मी दहापैकी तीन मार्क दिले आणि पेनाला टोपण लावलं. तीनसुद्धा जास्तच झाले असं वाटत होतं.

सौंसरच्या नवोदित चित्रकारांच्या प्रदर्शनात मी परीक्षक होतो. या प्रदर्शनाची एक रीत आहे. ज्याचं चित्र कधीकाळी इथे लागलं, त्यालाच पुढे परीक्षक म्हणून बोलावतात. वीस वर्षांपूर्वी शाळेच्या याच हॉलमध्ये माझं चित्र खिळ्याला लटकत होतं आणि मी परीक्षकांच्या भुवयांकडे डोळे लावून कोपऱ्यात उभा होतो. आता भुवया माझ्या होत्या! पांढुर्ण्याहून येताना बसमध्ये मी चारदा कॉलर नीट केली.

माझा धंदा पेंटरचा. दुकानांच्या पाट्या, शटर, भिंतींवरच्या जाहिराती. दुसरा परीक्षक गजभिये. आम्ही दोघांनी एकाच वर्षी इथे चित्रं लावली होती, तो आता नागपुरात ड्रॉइंग शिकवतो. आयोजक डोंगरे गुरुजी, आम्हा दोघांचे शाळेतले ड्रॉइंग मास्तर. नियम साधे. चित्रावर नाव नाही, फक्त नंबर आणि वय. वय पंचवीसपर्यंत. पहिली तीन चित्रं नागपूरच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार.

अठरा नंबरच्या चिठ्ठीवर वय होतं पंचवीस. म्हणजे काढणाऱ्याची ही शेवटची संधी. वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याचे मार्क नसतात. चित्र भलंमोठं, दरवाजासमोरच्या भिंतीवर, जुन्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूला ऑइल पेंटने काढलेलं. फ्लेक्स म्हणजे छापील बॅनर. त्याने माझा अर्धा धंदा खाल्ला, त्यामुळे मी आधीच तापलेलो. हॉल अरुंद, त्यात मध्ये टेबलं. दोन हातांवरून नुसते केशरी-हिरवे ठिपके आणि काळे फराटे दिसत होते. गजभियेने चार दिले. गुरुजींनी आमच्या मार्कशीट घेऊन पाकीट चिकटवलं.

"चहा इथंच बोलावतो," गुरुजी म्हणाले.

"नाही जी, गुरुजी," गजभिये म्हणाला. "समोरच्या टपरीवर पिऊन येतो. वीस वर्षांमागं रिझल्टची वाट पाहत आम्ही तिथंच तं बसलो होतो."

आम्ही रस्ता ओलांडला. ग्लास हातात घेऊन मी सहज हॉलकडे वळलो. दार सताड उघडं होतं. माझा चहा हातावर सांडला.

ठिपके आपापल्या जागी बसले होते. संत्र्याच्या ढिगाभोवती बसून फळं निवडणाऱ्या सात बाया! फराटे म्हणजे त्यांच्या वेण्या, कोपरं, वाकलेल्या पाठी. त्यातली एक मान वर करून थेट माझ्याकडे बघत होती.

"गजू, पाह्य न! अठरा नंबरकडे पाह्य!"

"काय झालं बे?" तो वळला. "अरे बापा! ह्या तं बाया संत्रा निवडून राहिल्या!"

आनंदाने मला नाचावंसं वाटत होतं आणि स्वतःच्या थोबाडीतही मारावंसं वाटत होतं. पाटी रंगवणारा माणूस दोन अक्षरं झाली की ब्रश ठेवून रस्ता ओलांडतो. गिऱ्हाईक पाटी पलीकडूनच वाचणार, म्हणून आपणही ती पलीकडूनच तपासायची. उभा जन्म मी हेच करत आलो. छातीवर परीक्षकाचा बिल्ला लागला आणि नेमकं तेवढंच विसरलो.

आम्ही धावतच आत गेलो. गुरुजी ऐकेनात.

"पाकीट बंद झालं. आता मार्क बदलले तं लोक म्हणतील, वशिला लावला."

"चित्र कोणाचं हेच आम्हाले माहीत नाही, वशिला कोणाचा लावू?" मी म्हणालो. "गुरुजी, तुम्ही फक्त रस्ता ओलांडा."

ते पाकीट छातीशी धरून आले. मध्ये छिंदवाड्याची बस आडवी उभी राहिली. ती हलेपर्यंत माझा जीव वर-खाली होत होता. बस गेली. गुरुजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"ती डावीकडची," ते हळूच म्हणाले, "कंबर दुखून राहिली असन तिची."

पाकीट त्यांनीच फाडलं. पण अट घातली, "एकाच चित्राले हा मान नाही. सगळे इथून पाहा."

मग बावीसच्या बावीस चित्रं दाराशी आणून धरली. टपरीवरची मंडळी न विचारता मार्क सांगू लागली. मी नऊ मार्क दिलेलं एक नाजूक चित्र तिथून पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसलं. त्याचे मार्क आम्ही कमी केले नाहीत, ते जवळूनच बघायचं होतं. तेच पहिलं आलं. अठरा नंबर दुसरा. नागपूर पक्कं!

नंबर पुकारल्यावर एक मुलगी पुढे आली. नखांत निळा रंग. नाव सुनीता, लोधीखेड्याची, कामही माझंच, शटर रंगवण्याचं. मला राहवलं नाही.

"पोरी, मी तुले आधी तीनच मार्क दिले होते."

"वाटलंच होतं जी. तुम्ही चित्राजवळ जाऊन उभे राहिले, तेव्हाच म्हटलं, गेलं. मी टपरीवरच बसून होती. तुमच्या मागच्या बाकावर."

"मंग बोलली काऊन नाही?"

"चित्र कोणाचं ते सांगाले मनाई होती ना जी. मग तुमचा चहा सांडला, तेव्हा कुठं जीवात जीव आला."

प्रदर्शनाच्या नियमावलीत आता शेवटची एक ओळ माझ्या अक्षरात आहे. परीक्षकांना चहा आत आणून देऊ नये.