झाड यंत्र झालं तो दिवस

समजा, तुम्हाला दर वर्षी बागेतल्या प्रत्येक संत्र्याच्या झाडाचा बाजारभाव ठरवायचाय, झाड विकायचं नसतानाही! बागेची हिशेबनीस असलेली माझी आत्या हेच करायची. भाव चढला की कागदावर नफा फुगायचा आणि मालक नवा ट्रॅक्टर घ्यायला निघायचे. त्यांना आवरताना तिच्या नाकी नऊ यायचे.

मग हिशेबाचा आंतरराष्ट्रीय नियमच बदलला: फळझाड यंत्रासारखं, त्यावर झालेल्या खर्चाइतक्याच किमतीला मांडा, दर वर्षी झीज वजा करा, भाव फक्त फळांचा लावा. आत्या धावतच बागेत गेली.

"माळीदादा, ट्रॅक्टर टळला! आता झाड म्हणजे यंत्र!"

"मग तेल कुठं घालू, ताई?"

आत्या खो खो हसली. तेवढ्यात गोठ्यातली गाय हंबरली. नव्या नियमातही गाईचा मात्र दर वर्षी बाजारभावच लावायचा होता. आत्या थबकली.

"दादा, दर वर्षी फळ देणारं झाड यंत्र, मग रोज दूध देणारी गाय का नाही हो?"