दिसतं तेच काढा

आमचे हे पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले आणि घरात माझ्या डोक्यावर येऊन बसले. मग मेडिकल कॉलेजने बोलावलं. होणाऱ्या डॉक्टरांना चित्र काढायला लावायचं, म्हणजे पेशंटकडे नीट बघायची सवय लागते म्हणे. सहा महिने बघू, उपयोग दिसला तर पुढे, असं डीनबाईंनी स्पष्ट सांगितलं. ह्यांनी मात्र लगेच दोन नवे शर्ट शिवून घेतले. वर्ग बंद झाला असता तर हा माणूस पार खचला असता, आणि भोगायचं मला.

समोर बसायला फुकटचं माणूस हवं, म्हणून मी. दर गुरुवारी तासभर स्टुलावर, नाक खाजवायचीही चोरी. ह्यांचा नियम एकच: डोक्यात आहे ते नको, डोळ्यांना दिसतं तेच काढा. खोडरबर बंद.

शेवटच्या तासाला डीनबाई स्वतः मागच्या बाकावर येऊन बसल्या. आणि नेमकं तेव्हाच ह्यांनी एका मुलीला सगळ्यांदेखत झापलं. "हा गळा एका बाजूने फुगलाय. अगं, चाळीस वर्षं बघतोय मी हिला. असा नाहीये तो."

पोरगी घाबरली, पण कागद काही मागे घेईना. "सर, मला दिसलं तेच काढलं. काकूंना जरा पाणी प्यायला सांगता?"

मी घोट घेतला. गळ्यातला फुगवटा वर सरकला आणि खाली आला. हे चष्मा पुसून जवळ आले. पुन्हा एक घोट प्यायला लावला. मग गुपचूप तिच्या चित्राखाली 'बरोबर' असं लिहिलं आणि डीनबाईंकडे वळले.

"मी आठवणीतलीच बायको बघत होतो," म्हणाले. "मास्तर बदलायचा तर बदला, पण वर्ग बंद करू नका."

"पुढच्या वर्षीही गुरुवारच ठेवू या, सर," डीनबाई म्हणाल्या. "आधी बाईंची सोनोग्राफी करून घेऊ."

थायरॉइडची गाठ होती, पण साधी निघाली, छोट्या ऑपरेशनवर निभावलं. वर्गही झकास चाललाय. पंचाईत झाली ती माझी. हे आता रोज सकाळी मला खिडकीपाशी बसवतात आणि वही घेऊन निरखतात. परवा म्हणाले, "तुझ्या डाव्या कानाखाली तीळ आहे."

"लग्नातही होता," मी म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. चहा गार झाला तरी मी हलले नाही.