टेलरबाईंची चिमटी

टेलरबाईंच्या टाक्याला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. पण आज बाळांच्या वस्तूंच्या दुकानात त्यांचं काही ठरत नव्हतं. झोपलेल्या बाळाची हालचाल टिपणारी दोन यंत्रं समोर होती. एक पायात घालायचा मोजा, दुसरी लंगोटाला लावायची चिमटी. पोटाची हालचाल थांबली की चिमटी वाजायची.

“शिलाई मशीन चालू असताना ऐकू येईल ना?” त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सासूबाईंच्या कुशीत चार महिन्यांची नात पेंगत होती. “पाच पोरं वाढवली मी, एकालाही घंटा बांधली नाही,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. “सूनबाईंना म्हातारीच्या डोळ्यांचा भरवसा नाही, म्हणून हा चौकीदार!”

दुकानदार हसला. टेलरबाईंनी मान खाली घातली. गेल्या मंगळवारी सासूबाई दवाखान्यात गेल्या होत्या आणि बाळ मशीनशेजारी झोपलं होतं. अस्तर घसरून बाळाच्या तोंडावर पडलं, ते नवरीचा झगा पुरा करण्याच्या नादात टेलरबाईंना कळलंच नाही. दोरा संपला म्हणून मान वळली आणि ते दिसलं, एवढंच. बाळाला काही झालं नाही. पण तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. आता तर दोष आयताच सासूबाईंच्या माथी जात होता.

“आई, भरवसा माझा मलाच नाही,” त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी नातीला घट्ट धरलं. “चिमटी घे,” त्या हळूच म्हणाल्या. “पण मी घरात नसेन तेव्हा मशीन बंद.”

त्या चार शब्द रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं टेलरबाईंना वाटलं.